वहीत दोनदा आलेला रविवार

वेसामांच्या तळ्यावरच्या घरात दोन गोष्टींबद्दल कधीच वाद झाला नव्हता. एक म्हणजे जेट्टी, तळ्यात उतरायचा लाकडी धक्का. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी ती पाण्याबाहेर काढायची, मग ऊन असो की गारा, नाहीतर बर्फ तिचे तुकडे करतो. दुसरी म्हणजे वही. जो आधी दार उघडेल त्याने खिडकीतल्या वहीत तारीख, पाण्याचं तापमान आणि कोण कोण आलं ते लिहायचं. जाताना काय काम झालं ते लिहायचं. लिहिलेलं खोडायचं नाही आणि दुसऱ्याने लिहिलेल्यावर तोंड उघडायचं नाही. बाकी सगळ्यावर या घरात वाद झाले होते, पण तेही बहुतेक मनातल्या मनात, कारण मोठ्याने भांडायचं म्हटलं की वेसामांच्या जिवावर येतं.

त्या रविवारी दार हेन्नाने उघडलं. रेयो आणि इर्माची ही थोरली, अडतीस वर्षांची. गावातल्या औषधाच्या दुकानात काम करत असल्याने जगातल्या प्रत्येक दुखण्यावर तिचं एक मत असे. आज ती मुद्दाम लवकर आली होती. धाकट्या भावापुढे कराराचा कागद पडला होता आणि सोमवारी दुपारपर्यंत त्याला उत्तर द्यायचं होतं. बापाने त्याला गाठायच्या आत आपण गाठायचं आणि सही नको म्हणून पटवायचं, असा तिचा बेत होता.

धाकटा भाऊ म्हणजे एरो. तेहतीस वर्षांचा, बचावफळीतला फुटबॉल खेळाडू. वेसामांच्या घरात गोल करणारं कोणी जन्मालाच आलं नाही, गोल होऊ न देणारेच आले. आधी रेयो, कागद गिरणीच्या संघात बावीस वर्षं. मग एरो. तो गिरणीच्या मैदानावरून तुर्कूच्या क्लबात गेला, तिथून सहा वर्षं उत्तर नॉर्वेत. देशाचा शर्ट त्याने तीनदा घातला, तिन्ही वेळा बदली खेळाडू म्हणून, सगळी मिळून एक्केचाळीस मिनिटं. ती एक्केचाळीस मिनिटं रेयोने अजून जपून ठेवली आहेत. आता जिथून सुरुवात झाली त्याच गावच्या क्लबने त्याला आणखी दोन वर्षं देऊ केली होती, वर कर्णधारपदही.

हेन्नाने वही उघडली आणि पेन चाचपताना तिची नजर गेल्या रविवारच्या नोंदीवर गेली.

‘२८ सप्टेंबर, रविवार. पाणी ११. सान्नी आणि मी. लाकडं फोडली. दोन मासे. शांत.’

अक्षर एरोचं. शाई निळी. त्याच्या खाली, त्याच अक्षरात पण काळ्या शाईत, पुन्हा: ‘२८ सप्टेंबर, रविवार. पाणी ११. सान्नी आणि मी. लाकडं फोडली. दोन मासे. शांत.’

तिला आधी हसूच आलं. गंमत केली असेल. मग तिच्या लक्षात आलं की एरोने शेवटची गंमत केल्याला पंधरा वर्षं तरी झाली असतील. मग तिला ऑगस्टमधला तो सामना आठवला. कॉर्नरवर चेंडूसाठी उंच उडालेला एरो, समोरच्याचं कोपर, आणि गवतावर पालथा पडलेला तिचा भाऊ. तो उठला, अंगठा वर केला आणि पुढची वीस मिनिटं खेळला. नंतर सगळ्यांनी विचारलं, ‘बरा आहेस ना?’ तो म्हणाला, ‘हो.’ आमच्या गावात एवढ्यावर विषय मिटतो.

मागून सान्नी सूपाचं पातेलं घेऊन आत आली. एरोची बायको, उत्तरेकडची, बोलकी समजली जाणारी. म्हणजे जेवताना ती दोन-तीन वाक्यं बोलायची.

“सान्नी, गेल्या रविवारी वही कोणी लिहिली?”

“एरोने. का?”

“एकदा की दोनदा?”

सान्नीने पातेलं चुलीवर ठेवलं आणि पाठ फिरवली. “यात शेपू कमी पडलाय. बाहेर वाफ्यात राहिलाय का गं थोडा?”

“ऑक्टोबरात?”

“मग वाळवलेला तरी असेल.”

हेन्नाने डबा काढून दिला आणि मनाशी निष्कर्षही काढला. हिला करार हवाय. गावात स्वतःचं घर घेतलंय, कर्णधाराची बायको म्हणून मिरवायचं असेल. म्हणजे ही बापाच्या बाजूला.

सान्नीच्या मनात भलतंच चाललं होतं. ऑगस्टमध्ये एरोने तिच्याकडून वचन घेतलं होतं, “घरी काही सांगू नकोस. हेन्नाला कळलं तर ती मला गोळीसारखं डबीत बंद करून ठेवेल.” तिने ते आजवर पाळलं होतं. हेन्नाने आणखी एकदा विचारलं असतं तर तिने सगळं सांगून टाकलं असतं. ती शेपू चुरत वाट बघत राहिली. पण आमच्याकडे कोणी दुसऱ्यांदा विचारत नाही. पुन्हा पुन्हा विचारणं म्हणजे समोरच्याच्या खिशात हात घालणं.

पाणी आठ अंश होतं. रेयो आणि एरो छातीपर्यंतचे रबरी कपडे घालून आत उतरले. हेन्ना काठावर दोर धरून उभी राहिली आणि इर्मा टॉवेल घेऊन सगळ्यांना सूचना देत होती, ज्यांची कोणालाच गरज नव्हती. सौनाच्या, म्हणजे वाफेने अंघोळ करायच्या लाकडी खोलीच्या, धुराड्यातून धूर निघू लागला होता. जेट्टी निघाली की सौना, सौना झाला की जेवण, हा क्रम रेयोच्या बापापासूनचा. इर्माने तो आज सकाळीच बदलला होता. जेवण आधी, असं ती म्हणाली, आणि का ते सांगितलं नाही.

जेट्टी चार लोखंडी खुंट्यांवर अडकवलेली असते. एरोने एक काढली, दुसरी काढली, तिसरी काढून काठावर फेकली. चौथी काही सापडेना. त्याने पाण्यात हात घातला, फळीखाली चाचपलं, पलीकडे जाऊन पाहिलं.

“काय शोधतोयस?” हेन्नाने विचारलं.

“चौथी खुंटी.”

“हातात काय आहे मग?”

एरोने डाव्या हाताकडे पाहिलं. खुंटी तिथे होती. ती तिथे कधी आली हे त्याला सांगता आलं नसतं. “हां,” तो म्हणाला, जणू त्याला ते माहीतच होतं.

ऑगस्टपासून हे असं चाललं होतं. दिवसाच्या मधलेच काही तुकडे कोणी कात्रीने कापून नेल्यासारखे नाहीसे व्हायचे. एरोने त्यावर त्याला येत असलेला एकमेव उपाय योजला होता. आपली जागा सोडायची नाही, चेंडूमागे धावायचं नाही, आणि आपल्याला सगळं कळतंय असा चेहरा ठेवायचा. पंधरा वर्षं त्याने मैदानावर हेच केलं होतं. लोक त्याला भरवशाचा म्हणत. आणि गंमत अशी की आता मैदान ही एकच जागा उरली होती जिथे तो गोंधळत नव्हता. तिथे रेषा आखलेल्या असतात, आपला माणूस कोणता ते माहीत असतं. म्हणून त्याला सही करायची होती. मैदानाबाहेरच्या आयुष्याची त्याला भीती वाटत होती, आणि ते कोणाला सांगायचं हे कळत नव्हतं.

रेयो पलीकडच्या टोकाला उभा होता. अडुसष्ट वर्षांचा, अजून रुंद खांद्यांचा, कपाळावर टाक्यांचे जुने व्रण.

“उद्या सही?” त्याने विचारलं.

“हं.”

“कर्णधार.”

“हं.”

“मग बरं झालं.”

बापलेकांच्या मानाने हे लांबलचक संभाषण होतं. रेयोला ती दोन वर्षं हवी होती, अगदी मनापासून हवी होती. घरच्या मैदानावरचा एकही सामना तो चुकवत नसे. तिथे बाकावर बसलं की त्याला सगळं समजायचं. चेंडू येतो, पोरगा उडतो, चेंडू परत जातो. आठवड्याच्या उरलेल्या दिवसांत लोक त्याच्याशी काहीबाही बोलत आणि तो मान हलवत असे.

“चला, उचला,” रेयो म्हणाला. “पेन्ती, तू डावीकडे हो.”

पेन्ती म्हणजे गिरणीच्या संघात रेयोच्या शेजारी खेळणारा त्याचा जोडीदार. त्याला जाऊन सहा वर्षं झाली होती.

हेन्ना हसली. “बाबा, पेन्तीकाकाला कुठून आणलंस पाण्यात?”

रेयोही हसला, कोणी विनोद सांगितल्यावर आपण मागे राहू नये म्हणून हसतात तसा.

“अरे उचला की! गप्पा कसल्या मारताय, पाय गोठतील!” इर्मा काठावरून ओरडली. इर्मा नेहमी अशी अगदी वेळेवर बोलते. जेट्टी वर आली, गवतावर आडवी झाली, आणि एरो निमूटपणे डावीकडेच उभा राहिला होता.

टेबलावर राईचा पाव होता, सूप होतं, वेलदोड्याचे पाव फडक्याखाली झाकलेले होते. साखरेच्या भांड्याखाली तो कराराचा लिफाफा होता. इर्माने त्याच्या भोवतीने ताटल्या मांडल्या, जणू तो टेबलाचाच एक भाग होता. पहिली वाटी संपली. मग हेन्ना उठली, खिडकीतली वही घेऊन आली आणि लिफाफ्यावर ठेवली. उघडी.

“हे काय आहे, एरो?”

इर्माचा चमचा थांबला. “हेन्ना. वहीतलं वहीत राहतं.”

“आज नाही राहणार. एरो, वाच.”

एरोने वाचलं. मग पुन्हा वाचलं. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. “लिहिलेलं विसरलो असेन. माणूस विसरतो.”

“शब्दाला शब्द? ‘शांत’सुद्धा?”

“शांतच होतं!”

“पोराला जेवू दे,” रेयो म्हणाला.

“बाबा, तू मध्ये पडू नकोस. तुला सही हवीय, मला माहीत आहे. आणि हिलाही हवीय,” हेन्नाने सान्नीकडे बोट केलं, “म्हणून सकाळी मी विचारलं तर शेपूचा विषय काढला!”

“मला?” सान्नीने वाटी बाजूला सारली. “मला हवीय? महिन्याभरापूर्वी हा दुकानातून सामान घेऊन निघाला आणि आमच्या जुन्या घरी जाऊन घंटी वाजवत बसला. चार वर्षांपूर्वी सोडलेल्या घरी! तिथल्या बाईने मला फोन केला. मी जाऊन आणलं. मला सही हवीय?”

“सान्नी,” एरो हळूच म्हणाला.

“नाही एरो. पुरे झालं. मी थकले.”

हेन्ना खाली बसली. ती ज्या बाजूशी भांडायला आली होती ती बाजूच जाग्यावर नव्हती. “मग मला सांगितलं का नाहीस?”

“तू विचारलंस का?”

“विचारलं की, सकाळी!”

“एकदा!”

“मला वाटलं होतं,” इर्मा ताटलीकडे बघत म्हणाली, “की तुम्हा कोणाच्याच लक्षात आलेलं नाही. ऑगस्टच्या शेवटी तळ्यातले क्रेफिश खायला जमलो तेव्हा त्याने मला तीनदा विचारलं, हेन्ना येणार का म्हणून. हेन्ना त्याच्या शेजारी बसली होती. तेव्हापासून त्याला त्या सौनाच्या उष्णतेत पाठवायची भीती वाटते, म्हणून आज जेवण आधी ठेवलं.”

“मला वाटलं तो मला टोमणा मारतोय,” हेन्ना म्हणाली.

प्रत्येकाकडे एकेक तुकडा होता, आणि प्रत्येकाने तो सभ्यपणाने खिशात दाबून ठेवला होता. त्यांना राग आला होता, पण कोणाचा ते ठरत नव्हतं. एरो तर आपल्याबद्दल नाही, दुसऱ्याच कोणाबद्दल बोलणं चाललंय अशा नजरेने ऐकत होता.

रेयोने पावाचा तुकडा खाली ठेवला. “बचावात खेळायचं म्हणजे डोक्याला लागणारच. मला नाही लागलं? बावीस वर्षं मारले हेडर. पावसात चेंडू विटेसारखा जड व्हायचा. तुमच्या चेंडूसारखा हलका नव्हता. मला काय झालं?”

“तेच म्हणतेय मी!” हेन्ना उसळली. “तुला काही झालं नाही. तू कधी वहीत दोनदा लिहिलंस? दाखवू? आहेत ना सगळ्या जुन्या वह्या!”

“हेन्ना, राहू दे,” इर्मा म्हणाली.

“का राहू दे? त्याला दिसू दे ना फरक!”

“हेन्ना, ती हिरवी नको.”

पण फळीवरून हेन्नाच्या हातात हिरवीच वही आली होती, १९९४ ते ९६. तिने शेवटाकडचं पान उघडून मोठ्याने वाचायला सुरुवात केली. “‘१७ जुलै. पाणी २१. पोरं पोहली. सौनाचं छत दुरुस्त केलं.’ बघ, बाबाचं अक्षर. ‘१७ जुलै. पाणी २१. पोरं पोहली...’”

तिने पान उलटलं. पुढचं उलटलं. एका ऑगस्टमधला दिवस तीनदा लिहिलेला होता, तिन्ही वेळा नीट, सुवाच्य, कुठेही खाडाखोड नाही. त्यानंतर रेयोचं अक्षर पुन्हा कुठेच नव्हतं. पुढची एकोणतीस वर्षं, पुढच्या वह्यांतही, त्याच्या वाटच्या नोंदी इर्माच्याच अक्षरात होत्या. आईचं अक्षर चांगलं आहे म्हणून ती लिहिते, असं मुलांना वाटत आलं होतं.

हेन्नाला एकदम आठवलं की तिच्या लहानपणी बाबा गोष्टी सांगायचा. गिरणीच्या फाटकाशी आलेल्या अस्वलाची गोष्ट, रोज नवा शेवट असलेली. त्या गोष्टी बंद झाल्या तेव्हा ती नऊ वर्षांची होती. आपण मोठ्या झालो म्हणून त्या बंद झाल्या, असं तिने धरून ठेवलं होतं. पुढे बाबा मितभाषी म्हणून ओळखला जाऊ लागला. गावाने त्याचं कौतुकच केलं, उगाच बडबड न करणारा माणूस म्हणून. आमच्याकडे गप्प माणसाला कोणी विचारत नाही की बाबा रे, तू गप्प का आहेस.

“आई, तुला माहीत होतं.”

“त्या वर्षी दोनदा पडला होता मैदानात,” इर्मा म्हणाली. तिचा आवाज नेहमीसारखाच होता, हात मात्र फडक्याला पीळ देत होते. “कोणाला कळलं असतं तर गिरणीत यंत्रावरून काढून टाकलं असतं. तुम्ही दोघं लहान. मी म्हटलं, वही मी लिहीन. नंतर तो जरा सुधारलाही. कामाला जात होता, सगळं करत होता. फक्त बोलणं गेलं. ते काही परत आलं नाही.”

“आणि तरी एरोला खेळू दिलंस?”

“मी म्हटलं होतं, याला गोलरक्षक करा. तो आठ वर्षांचा असताना म्हटलं होतं.” “एकदाच म्हटलं. पुन्हा म्हणायला हवं होतं. रोज म्हणायला हवं होतं.”

एरोने हिरवी वही आपल्याकडे ओढली. मग दुसरी वही तिच्या शेजारी ठेवली. बापाचा १७ जुलै आणि त्याचा २८ सप्टेंबर शेजारी शेजारी आले. तो बराच वेळ एका पानावरून दुसऱ्यावर बघत राहिला. गेल्या दोन महिन्यांत पहिल्यांदाच त्याला आपण कुठे उभे आहोत ते स्वच्छ दिसलं, आणि तो घाबरला. त्याने सान्नीचा हात शोधला आणि धरून ठेवला.

रेयोने सगळ्यांच्या तोंडांकडे एकेक करून पाहिलं. मघाशी त्याने जो प्रश्न टोमण्यासारखा फेकला होता तोच त्याने पुन्हा विचारला. या वेळी तो खरंच विचारत होता.

“इर्मा, मला काय झालं?”

इर्मा उठली, त्याच्या मागे जाऊन उभी राहिली आणि त्याच्या डोक्यावर, टाक्यांच्या व्रणांवर तळवा ठेवला. “तुला लागलं होतं, रेयो. खूप लागलं होतं. आणि मी कोणाला सांगितलं नाही.”

रेयोने मान हलवली. त्याला किती समजलं हे कोणालाच कळलं नाही. मग त्याने साखरेचं भांडं बाजूला करून लिफाफा उचलला, सकाळपासून ज्याच्यासाठी तो आसुसला होता तो, आणि एरोपुढे धरला. “हे ठेवून दे आत. चुलीजवळ नको, जळेल. पण टेबलावरही नको.”

“उद्या त्यांना फोन करतो,” एरो म्हणाला. “नाही म्हणून.”

“मी शेजारी बसेन,” सान्नी म्हणाली.

“आणि परवा डॉक्टरकडे,” हेन्ना म्हणाली, “दोघांनाही घेऊन. मी उद्या विचारेन, परवा विचारेन, वैताग येईपर्यंत विचारेन.” तिला रडू येत होतं आणि तिने ते येऊ दिलं.

इर्माने वहीचं नवीन पान काढलं, पेन उचललं आणि मग ते एरोच्या हातात दिलं. एरोने हळूहळू लिहिलं: ‘५ ऑक्टोबर, रविवार. पाणी ८. सगळे. जेट्टी काढली. मी खेळणं थांबवलं.’ लिहून झाल्यावर त्याने पान सान्नीपुढे धरलं. तिने वाचलं आणि मान डोलावली. मग वही मिटून खिडकीत ठेवली.

बाहेर सौना तापला होता. रेयो उठला, दारापाशी गेला, कोपऱ्यातले ओले रबरी कपडे उचलून त्यात पाय घालू लागला.

“चला,” तो म्हणाला, “अंधार पडायच्या आत जेट्टी काढून घेऊ. पेन्ती, तू डावीकडे.”

खिडकीतून गवतावर आडवी पडलेली जेट्टी दिसत होती. इर्माने सवयीने काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. कोणी हसलं नाही, कोणी विषय बदलला नाही. एरो जाऊन बापासमोर उकिडवा बसला आणि त्याच्या पायातला रबरी कपडा हलकेच ओढून काढू लागला.

“बाबा, मी एरो. जेट्टी आपण सकाळीच काढली. तू पलीकडे होतास, मी डावीकडे होतो.”

रेयोने खिडकीबाहेर पाहिलं, मग त्याच्याकडे पाहिलं.

“एकदाच ना?”

“एकदाच, बाबा.”